साडेअकरा महिन्यांची शाई

त्या आठवड्यात मुदतीआधीच कोरं होऊन आलेलं ते एकेचाळिसावं पुस्तक होतं. अनसूयानं ते उघडलं आणि अंगठ्यानं पानं फरफर सोडली. बारावीचं जीवशास्त्र. मुखपृष्ठ जागेवर होतं, आतली तीनशेवीस पानं मात्र पांढरीफटक. तिनं पुस्तक तपासणी यंत्राच्या फटीत सरकवलं. यंत्र दोन सेकंद गुणगुणलं आणि पडद्यावर एकच शब्द उमटला: तापवलेले.

अनसूयानं शिक्का उचलला, मुखपृष्ठावर मारला आणि पुस्तक लाल टोपलीत टाकलं. चाळीस वेळा केलं होतं, एकेचाळिसाव्यांदा केलं.

सोलापूरच्या पुनर्मुद्रण केंद्रात ती सात वर्षं तपासनीस होती. त्याआधी लग्नापर्यंत आईबरोबर विड्या वळायची. दहावी झालेली होती म्हणून ही नोकरी लागली, आणि शहराच्या सगळ्या पूर्व भागात तिच्या नोकरीचा मान होता, कारण तिच्या टेबलावरून जे जायचं त्यावर पोरांचं शिक्षण अवलंबून होतं.

त्यामागची हकिगत अशी. दहा-बारा वर्षांपूर्वी पडद्यावरच्या शिक्षणाचा पुरता बोजवारा उडाला. मुलांना लहानपणीच जाड भिंगांचे चष्मे लागले, एका जागी लक्ष ठरेना, आणि एकामागून एक सगळी शिक्षण मंडळं कागदाकडे परतली. पण तोवर कागद सोन्याच्या भावानं विकला जाऊ लागला होता. अकरावी-बारावीच्या विज्ञानाची जाडजूड पुस्तकं घ्यायची म्हटलं की यंत्रमाग कामगाराचा महिन्याचा पगार त्यात जाई. तेव्हा शासनानं कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी पदवीपर्यंतची पाठ्यसाहाय्य योजना काढली. पहिल्या वर्षी ती जेमतेम पाऊण लाख मुलांपर्यंत पोचली. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून नवी शाई आली, आणि तेवढ्याच पैशात अकरा लाख मुलांना पुस्तकं मिळू लागली.

कल्पना साधी होती. कागद दगडाच्या भुकटीचा, न फाटणारा, वीस वर्षं टिकणारा. त्यावरच्या शाईत नजरेला न दिसणाऱ्या बारीक कुप्या. प्रत्येक कुपीत एक रंगद्रव्य आणि एक आम्ल. ही दोघं एकमेकांना धरून असतात तोवर अक्षर काळं दिसतं. कुपीत तिसराही एक पदार्थ असतो. तो मुंगीच्या पावलानं त्या दोघांमध्ये शिरतो आणि त्यांना वेगळं करतो. वेगळं झालं की रंगद्रव्याला रंग उरत नाही, अक्षर नाहीसं होतं. पंधरा जूनला वाटलेलं पुस्तक एकतीस मेपर्यंत वाचता यावं, अशा बेतानं हे सगळं बसवलेलं होतं. साडेअकरा महिने. वार्षिक परीक्षा झाली की, उशिरात उशिरा मुदतीपर्यंत, पुस्तक केंद्रात परत यायचं आणि त्याच पानांवर पुढच्या वर्षाची छपाई व्हायची. जुन्या बाजारात एकही प्रत जाणार नाही, या बोलीवर प्रकाशकांनीही मजकूर स्वस्तात दिला होता. त्यांच्याच हट्टापायी शाईत एक चकाकी मिसळलेली होती. डोळ्यांना ती जाणवत नसे, पण फोटो काढला की पान कोरंच उमटे.

आता, दगडी कागद कोरा असला तर वही म्हणून चांगला खपतो. दोन वर्षांपूर्वी काही दलालांनी मुलांकडून पुस्तकं घेऊन ती भट्टीत तापवली, शाई उडवली आणि वह्या म्हणून विकली. तेव्हापासून नियम झाला: मुदतीआधी कोरं आलेलं पुस्तक तापवलेलं समजायचं. आणि पुस्तकावर पेन, पेन्सिल, काही लागलेलं असलं तर ते खराब समजायचं. दोन्हींना शिक्षा एकच. त्या विद्यार्थ्याचं पुढच्या वर्षीचं साहाय्य बंद.

केंद्रप्रमुख बिराजदार साहेब टेबलापाशी आले आणि लाल टोपलीकडे बघून त्यांनी जीभ चुकचुकवली.

“यंदा तापवलेलीच फार आली की हो, चिलवेरीबाई.”

“साहेब, एवढी पोरं एकदम लबाड झाली?”

“लबाडीला काय, साथ लागते,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

*

अनसूयाचं घर विडी कामगारांच्या जुन्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, वर पत्रा. एप्रिलच्या मध्यावर पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली तरी दुपारी चारपर्यंत भिंतीला हात लावता येत नसे. नवरा, अंबादास, टॉवेलच्या कारखान्यात होता. एकुलती मुलगी हरिणी. तिची बारावी नुकतीच झाली होती आणि बावीस मेला औषधनिर्माणशास्त्राची प्रवेश परीक्षा होती. तिचीही पुस्तकं योजनेचीच.

त्या संध्याकाळी अनसूया घरी आली तेव्हा हरिणी दाराच्या उजेडात भौतिकशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. हातात शिसपेन्सिल होती. नाक पानाला टेकेल इतकी ती खाली वाकली होती.

“काय करायलीस गं?”

हरिणी दचकली नाही. “गिरवायलेय.”

अनसूयानं पुस्तक ओढून घेतलं. पानावर छापील अक्षरं होती, पण कशी? धुक्यातून दिसावीत तशी. आणि त्या पुसट अक्षरांवरून, एकेका काना-मात्रेवरून, हरिणीची पेन्सिल फिरलेली. समीकरणं, भिंगांच्या आकृत्या, तळटीपासुद्धा. अर्धं पुस्तक तिनं असं गिरवून काढलं होतं.

“पेन्सिल लावलीस? योजनेच्या पुस्तकाला?” अनसूयाचा आवाज चढला. “मी काय काम करते ते ठाऊक आहे ना तुला?”

“अम्मा, शाई चाललीय. मार्च संपता संपता उडायला लागली. परीक्षा बावीस मेला आहे. तोवर काय उरणार? फोटो निघत नाही. वहीत उतरवायचं तर तेवढ्या वह्या कुठून आणू? असं वरून गिरवलं तर निदान वाचता तरी येतं.”

“उन्हात ठेवलं होतंस?”

“फळीवर ठेवलं होतं. तुझ्याच समोर.”

अनसूयानं फळीकडं पाहिलं. फळी तिच्या समोरच होती आणि पुस्तकं जूनपासून तिथंच होती. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फळी नव्हती, लाल टोपली होती. हरिणीचं पुस्तक तिच्याच टेबलावर येणार. आलं की यंत्र ते खराब ठरवणार. मग पहिल्या वर्षाची पुस्तकं बंद. औषधनिर्माणाची ती चार-चार किलोची पुस्तकं विकत घ्यायची ताकद या घरात नव्हती.

“खोडून टाक सगळं,” ती म्हणाली.

“नाही खोडणार.”

“हरिणी!”

“परीक्षेत नापास झाले तर पुढच्या वर्षीचं साहाय्य घेऊन काय करू, अम्मा? लोणचं घालू?”

*

रविवारी हरिणी सराव परीक्षेला गेली. अंबादासची दिवसपाळी होती. अनसूयानं दार लोटलं, केंद्रातून आणलेलं मोठं खोडरबर पिशवीतून काढलं आणि भौतिकशास्त्र पुढ्यात घेऊन बसली.

तिला वाटत होतं ते असं: परीक्षेला अजून महिना आहे, अभ्यास पोरीचा झालेलाच आहे. पुसट छाप आहे तोवर खोडून पुस्तक जमा केलं तर यंत्र सोडेल. पोरगी चिडेल, रडेल, पण पुढचं वर्ष तरी वाचेल. आईनंच हे नाही केलं तर कोण करणार? दगडी कागदावरून पेन्सिल सहज निघते. पहिल्या पानापासून तिनं सुरुवात केली. खोडताना नको नको म्हणत नजर अक्षरांवर जात होतीच. हरिणीचं अक्षर छापील वळणावरून गेलेलं, पण शिरोरेघ तिची स्वतःची, किंचित वर चढणारी. पानाच्या कोपऱ्यात काही बारीक आकडे होते, तेही तिनं पुसले. दार लोटल्यानं अंधारलेल्या खोलीत खाली पुसट छाप उरलीय की नाही ते कळत नव्हतं. घाम टपटप पडत होता. मांडीवर काळ्या चुऱ्याचा ढीग साचला. त्रेसष्ट पानं झाली आणि दार वाजलं.

हरिणी उंबऱ्यात उभी राहिली. आईच्या मांडीवरचा चुरा तिनं बघितला.

“किती पानं झाली?”

“त्रेसष्ट,” अनसूया म्हणाली.

पोरगी ओरडली नाही. तिनं पुस्तक उचललं, पुसलेली पानं एक-एक उजेडात धरून पाहिली. कुठंही काही नव्हतं. मधल्या दिवसांत खालची छापील शाई उडून गेली होती, पुन्हा गिरवायला काहीच उरलं नव्हतं.

“प्रकाशाचे दोन्ही धडे गेले,” ती म्हणाली. “ते सगळ्यात आधी उडायला लागले होते म्हणून सगळ्यात आधी गिरवले होते. कुठलं पान कधी उडायला लागलं त्याची तारीख कोपऱ्यात लिहीत होते मी. म्हणजे पुढचं कुठलं धरायचं ते कळायचं.”

संध्याकाळी अंबादासला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. तो फारसं बोलणारा माणूस नव्हता.

“तुझ्या आईची बोटं तंबाखूनं काळी झाली,” तो म्हणाला. “हिची शिसानं होत होती. ते तू पुसलंस.”

तीन दिवस मायलेकी एकमेकींशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

*

बुधवारी अनसूयाच्या टेबलावर जुळ्या बहिणींची पुस्तकं एकापाठोपाठ आली. बोल्ली आडनावाच्या मुली, एकाच कॉलेजच्या, एकाच दिवशी पुस्तकं मिळालेल्या. एकीचं रसायनशास्त्र काळंकुळकुळीत, जणू काल छापलेलं. दुसरीचं कोरं. यंत्रानं पहिलं सोडलं, दुसऱ्यावर शब्द उमटवला. अनसूयानं शिक्का उचलला आणि तो तसाच हातात राहिला.

तिनं दोघींची माहितीपत्रं काढली. जिचं पुस्तक शाबूत होतं ती मुलगी खेळाडू म्हणून वसतिगृहात राहत होती, जुन्या दगडी इमारतीत. दुसरी आईबापांजवळ. घराचा प्रकार: पत्रा.

अनसूयानं शिक्का खाली ठेवला. लाल टोपली उलटी केली आणि एकेका पुस्तकाचं माहितीपत्र पाहू लागली. पत्रा. पत्रा. पत्रा. एक कौलारू. पत्रा. दुपारच्या सुट्टीपर्यंत तिनं ब्याण्णव पुस्तकं पाहिली. त्यांतली सत्त्याऐंशी पत्र्याखालची होती.

ती बिराजदार साहेबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला दोन वर्षं उरलेली होती.

“बाई, पत्र्याखाली राहणारा गरीब असतो. गरिबाला वही विकायचा मोह जास्त होतो, असं वरचे म्हणतील. तुमच्याकडे काय पुरावा आहे? पुस्तक मार्चमध्ये आपोआप उडालं की परवा भट्टीत टाकलं, हे कोरं पान सांगतं का? तारीख असते का त्याच्यावर?”

अनसूया खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“तारीख असली तर?” तिनं विचारलं.

“असली तर गोष्ट वेगळी. पण कशी असेल?”

ती बाहेर आली. त्रेसष्ट पानांच्या कोपऱ्यातले ते बारीक आकडे तिच्या हातांनी गेले होते.

*

“बाकीची पुस्तकं दाखव,” घरी येऊन ती हरिणीला म्हणाली. हरिणीनं छातीशी धरलेलं रसायनशास्त्र आणखी घट्ट धरलं.

“खोडत नाही. शपथ घेते. फक्त तारखा बघू दे.”

मग तिनं केंद्रातलं सगळं सांगितलं: जुळ्या बहिणी, टोपली, पत्रे. हरिणी ऐकत गेली आणि मध्येच उठली. रसायनशास्त्राची पानं उलटून तिनं एक धडा काढला. सगळा पेन्सिलीनं गिरवलेला.

“हे बघ, अम्मा. इथंच लिहिलंय. कुठलीही रासायनिक क्रिया गरमीत जास्त वेगानं होते. साधारण दर दहा अंशांना वेग दुप्पट. सत्तावीस अंशांना जे दोन दिवसांत व्हायचं ते सदतीसला एका दिवसात होतं. सत्तेचाळीसला अर्ध्या दिवसात. शाई उडणं हीसुद्धा क्रियाच आहे.” तिनं फळीकडं पाहिलं. “मी हे आठ दिवसांपूर्वी गिरवलं. पण माझ्या फळीवर काय चाललंय त्याच्याशी जोडलंच नाही.”

“म्हणजे जितकं घर गरीब...”

“तितकं पुस्तक लवकर मरतं.”

दोघी तारखा पाहत बसल्या. फळीवर सगळ्यात वर, पत्र्याजवळ, भौतिकशास्त्र असायचं. ते सव्वीस मार्चपासून उडू लागलं होतं. मधलं जीवशास्त्र तीन एप्रिलपासून. तळाचं रसायनशास्त्र अकरा एप्रिलपासून. फळीच्या वर-खालीसुद्धा फरक पडला होता. भट्टीत टाकलेलं पुस्तक असं पायरीपायरीनं उडत नाही, एवढं अनसूयालाही कळत होतं. आणि पेन्सिलीची अक्षरं कॅमेऱ्यात स्वच्छ येत होती.

“हे पुण्याला पाठवायचं म्हटलं तर तुझं नाव त्यात येणार,” अनसूया म्हणाली. “पेन्सिल लावली हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. साहाय्य बंद होऊ शकतं. माझ्या एकटीनं ठरवायची गोष्ट नाही ही. मागं एकदा मी एकटीनं ठरवलं.”

हरिणीनं रसायनशास्त्र मिटून मांडीवर ठेवलं.

“पाठव,” ती म्हणाली. “पण पुस्तकं परीक्षेपर्यंत माझ्याजवळ राहणार. फोटो पाठव.”

अनसूयानं आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं पत्र लिहिलं. शाईच्या पिंपांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत शोधकर्तीचं नाव आणि पत्ता होता: डॉ. उज्ज्वला सोनकांबळे. पत्रात तिनं जुळ्या बहिणींचं लिहिलं, फळीचं लिहिलं, दोनशेदहा तारखांचे फोटो जोडले. आणि शेवटी लिहिलं की अशा पुस्तकांवर यंदा एकशेअठरा शिक्के मी स्वतः मारलेत. माझ्या मुलीच्या पुस्तकातली त्रेसष्ट पानंही मीच पुसली, त्यामुळे त्या तारखा देता येत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ती डबा पाच मिनिटांत संपवू लागली. केंद्रात पुढच्या वर्षाच्या पहिल्या प्रती छापून झाल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यातलं भौतिकशास्त्र उघडायचं आणि प्रकाशाचे दोन धडे पाठकोऱ्या कागदांवर उतरवायचे. दहावीनंतर तिनं एवढं लिहिलं नव्हतं. भिंगाची आकृती येईना, तेव्हा हातातली बांगडी काढून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. कुठल्या किरणाला कुठं वळायचं ते कळत नव्हतं, पण मोजून, पट्टी लावून तिनं ते वळवले. नवव्या दिवशी कागदांचा गठ्ठा सुतळीनं बांधून तिनं हरिणीच्या पुढ्यात ठेवला.

हरिणीनं पानं चाळली. एका ठिकाणी बोट ठेवलं. “इथं बाण उलटा झालाय.”

“होऊ दे की. तू सुलटा कर.”

हरिणी हसली, आणि तो बाण तिनं सुलटा केला.

*

बिराजदार साहेबांना हे उतरवणं कळायचं ते कळलंच. नव्या प्रतीतून मजकूर काढणं नियमात बसत नव्हतं, आणि मुलीच्या पुस्तकाबद्दल तपासनीस गप्प राहिली हेही नव्हतं. त्यांनी अनसूयाला तपासणीच्या टेबलावरून उठवून गठ्ठे बांधायला पाठवलं. “याहून कमी मला करता येत नाही, बाई,” ते म्हणाले. तिनं मान हलवली आणि सुतळीचं रीळ हातात घेतलं.

तेरा मेला डॉ. सोनकांबळे स्वतः आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, खांद्यावर जड पिशवी. त्यांनी पंखा लावू दिला नाही. फळीवर पत्र्याखाली एक, मध्ये एक आणि तळाशी एक असे तीन तापमापक ठेवले आणि सतरंजीवर बसून राहिल्या. दुपारी एकपासून चारपर्यंत. घामानं त्यांचा पदर ओला झाला. हरिणीनं माठातलं पाणी दिलं ते त्यांनी तीनदा मागून घेतलं. चार वाजता त्यांनी आकडे पाहिले. वर एकोणपन्नास, मध्ये सेहेचाळीस, खाली त्रेचाळीस.

“आम्ही चाचणी केली होती,” त्या म्हणाल्या. “एक-दोन नाही, नऊ जिल्ह्यांत. चंद्रपूरलाही केली.”

“मग?” हरिणीनं विचारलं.

“पुस्तकं शाळांच्या कपाटांत ठेवली होती. शाळांच्या भिंती जाड असतात. घरी कुणाच्या ठेवली नाहीत.” त्यांनी तापमापक पिशवीत टाकले. “माझं लहानपण उदगीरजवळ पत्र्याखालीच गेलं. तरी मला सुचलं नाही.”

बाहेर कुठंतरी यंत्रमागांची खडखड चालू होती.

“ही तीन पुस्तकं मला लागतील,” डॉक्टर म्हणाल्या. “फोटोंवर समिती विश्वास ठेवणार नाही. पेन्सिलीखाली दबलेल्या शाईवरून ती कधी गिरवली ते आम्ही तपासू शकतो, तारखा खऱ्या आहेत हे सिद्ध होईल. परवा बैठक आहे. हजारो मुलांचा प्रश्न आहे, हरिणी.”

अनसूयानं मुलीकडं पाहिलं. यावेळी ती मध्ये पडली नाही.

“मॅडम, माझी परीक्षा बावीसला आहे,” हरिणी म्हणाली. “तेवीसला घेऊन जा. हजारो मुलांत मीपण एक आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“बैठक पुढं ढकलायला सांगते,” त्या म्हणाल्या.

तेवीस तारखेला त्यांचा माणूस आला, पुस्तकं घेतली, पोचपावती दिली आणि गेला.

*

पुढं जे झालं ते सरकारी कामाच्या मानानं लवकर झालं. जूनच्या अखेरीस आदेश निघाला. गरम जिल्ह्यांसाठी पुढच्या वर्षापासून वीस महिन्यांची शाई. ‘तापवलेले’ हा शिक्का रद्द. ज्यांचं साहाय्य त्या शिक्क्यामुळं थांबलं होतं त्यांनी साहाय्य बंद झाल्याची मूळ नोटीस घेऊन जिल्हा साहाय्य कक्षात अर्ज करावा.

हरिणीचा औषधनिर्माणशास्त्राला कऱ्हाडला नंबर लागला. पण पुस्तकांच्या यादीत तिचं नाव आलं नाही. अनसूया रजा टाकून साहाय्य कक्षात गेली. खिडकीत एक तरुण कारकून होता, अदबीनं बोलणारा.

“हिचं साहाय्य बंद नाही झालं, मावशी. पण हिची बारावीची तीन पुस्तकं जमा नाहीत. ती जमा दाखवल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.”

“ती पुण्याला प्रयोगशाळेत आहेत. ही पावती.”

“परत कधी येणार?”

“येणार नाहीत. ती पुरावा म्हणून राहणार आहेत. तुमच्या भिंतीवर जो आदेश लावलाय ना, तो त्याच पुस्तकांवरून निघालाय.”

कारकुनानं मागं वळून आदेशाकडं पाहिलं, पावती वाचली, पुन्हा पडद्याकडं पाहिलं. “यात तशी सोयच नाही,” तो म्हणाला.

“मग कागदावर लिहा. हरिणी अंबादास चिलवेरी. मी इथंच थांबते.”

तो उठून आत गेला. वीस मिनिटांनी वरिष्ठांची सही घेऊन आला. “झालं, मावशी. पंधरा दिवसांत पुस्तकं मिळतील.”

अनसूयानं कागद नीट घडी करून पिशवीत टाकला आणि बाजूला झाली. तिच्यामागं एक बाई उभी होती, हातात नुसतंच रेशनकार्ड. तिच्याकडे नोटीस उरली नव्हती. पोरीचं आता कसलं शिक्षण, असं म्हणून घरात कुणीतरी ती चुलीत घातली होती. कारकून तिला तेच सांगत होता: मूळ नोटीस पाहिजे, शिक्का नक्की बसला होता याला पुरावा पाहिजे.

अनसूया जिन्यापर्यंत गेलेली होती. ती परत आली.

“कुठलं कॉलेज?” तिनं त्या बाईला विचारलं. “काय नाव पोरीचं?”

बाईनं सांगितलं. अनसूयाला चेहरा आठवत नव्हता, कारण चेहरे तिच्या टेबलावर कधी आलेच नव्हते. नाव मात्र आठवलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, जीवशास्त्र.

“बसला होता शिक्का,” ती खिडकीत वाकून म्हणाली. “मीच मारलाय. माझी साक्ष लिहून घ्या.”

कारकुनानं कोरा कागद पुढं ओढला. “अजून कितीजणांची अशी साक्ष देणार, मावशी?”

“एकशेअठरा,” अनसूया म्हणाली आणि खिडकीशेजारचं बाकडं ओढून त्यावर बसली.